ताई, फाइल बदलली. नकाशा का बदलत नाही?

या महिन्याच्या पत्रांमध्ये एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी आली आहे. नकाशा एकदा वेबवर चढवला, नंतर मूळ माहिती बदलली, पण लोकांना दिसतो तो जुनाच. म्हणून या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलं आहे. पत्रं लांबलचक होती, त्यांतला मुद्दा तेवढा ठेवला आहे.

आमच्या भागातल्या नगरांना पाणी कोणत्या दिवशी आणि किती वाजता येतं याचा नकाशा मी क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये केला. त्यातल्याच एका प्लगइनने वेबपान काढून वर चढवलं. पाण्याची पाळी बदलली की मी माझ्या फाइलमध्ये वेळ बदलतो, सेव्ह करतो. वेबवर मात्र जुनीच वेळ दिसते आणि लोक फोन करून मला बोलतात. काय करू?
— एक वाचक, जुळे सोलापूर

तुमची फाइल आणि वेबवरचा नकाशा यांचा एकमेकांशी आता काही संबंध उरलेला नाही. प्लगइनने ज्या दिवशी पान काढलं, त्या दिवशी लेअरमधली, म्हणजे नकाशाच्या थरांमधली, सगळी माहिती उचलून एका वेगळ्या फोल्डरमध्ये लिहून ठेवली. ते फोल्डर उघडून बघा. प्रत्येक लेअरची एक फाइल सापडेल आणि तिच्यात नगराचं नाव, पाण्याची वेळ, रेखांश-अक्षांश सगळं साध्या मजकुरासारखं वाचता येईल. लोकांच्या मोबाइलवर जातं ते हेच. सातबाऱ्याचा उतारा आणून कपाटात ठेवला आणि पुढे तलाठ्याकडे फेरफार झाला, तर कपाटातला उतारा बदलत नाही, तसंच हे.

म्हणून वेबवरच्या कुठल्याही नकाशाबद्दल पहिला प्रश्न हाच विचारायचा: ही नक्कल आहे, की पान उघडलं की दर वेळी मूळ माहिती वाचली जाते? गुगलच्या माय मॅप्समध्ये शीटवरून ठिकाणं आणली तरी ती नक्कलच असते. शीट बदलली की तिथे पुन्हा आयात करावी लागते. आर्कजीआयएस ऑनलाइनवर चढवलेला होस्टेड, म्हणजे त्यांच्या सर्व्हरवर ठेवलेला, लेअरही तुमच्या संगणकावरच्या फाइलची नक्कलच. तो ओव्हरराइट केल्याशिवाय नवी माहिती दिसत नाही. नक्कल असणं वाईट नाही. वॉर्डांच्या हद्दी काही रोज हलत नाहीत, त्यांना नक्कल पुरते. पाण्याची पाळी मात्र नकलेवर सोडण्यासारखी गोष्ट नाही. चुकीची वेळ वाचून एखादी बाई पहाटे उठून बसते आणि नळाला पाणी येत नाही, हे आपल्या गावात कुणाला समजावून सांगायला नको.

तुमच्या कामात दोन प्रकारची माहिती एकत्र बांधली गेली आहे, ती आधी सोडवा. नगरांच्या हद्दी क्वचित बदलतात. वेळा सारख्या बदलतात. हद्दींची फाइल वेबवर आहे तशी राहू द्या, फक्त प्रत्येक नगराला एक क्रमांक द्या. वेळा गुगल शीटमध्ये ठेवा: पहिल्या कॉलमात तोच क्रमांक, मग वार, वेळ, आणि ही वेळ कुणी व कधी टाकली ते. ती शीट सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले साधे रकाने) स्वरूपात वेबवर प्रकाशित करता येते. पान उघडल्यावर ती वाचून क्रमांकावरून वेळ त्या त्या नगराला जोडायची. लिफलेट या वेबनकाशांच्या कोडसंचात हे पंधरा-वीस ओळींचं काम आहे; इंजिनिअरिंगला असलेला शेजारचा कुणीही मुलगा करून देईल. पुढे पाळी बदलली की मोबाइलवरून शीटमधला एक रकाना बदलायचा आणि काही मिनिटांत नकाशा बदलतो.

एक गोष्ट कळकळीने सांगते. प्रकाशित केलेल्या शीटचा सगळा टॅब जगाला दिसतो. नकाशात न दाखवलेले कॉलमही त्यात आले. व्हॉल्व्ह सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा मोबाइल नंबर तुम्ही सोयीसाठी शेजारच्या रकान्यात लिहिला असेल, तर तोही उघड झाला. म्हणून लोकांसाठीचा टॅब वेगळा करा आणि प्रकाशित फक्त तोच करा.

एवढं करूनही एखाद्याला जुनीच वेळ दिसली तर त्याच्या ब्राउझरने आधीची फाइल धरून ठेवलेली असते. डेटा फाइलच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह घालून तारीख जोडा, म्हणजे तारीख बदलली की ब्राउझर ती नवी फाइल समजून आणतो. लोकांना "कॅश क्लिअर करा" असं सांगत बसू नका, ते त्यांचं काम नाही.

मी जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत कंत्राटावर आहे. रस्ते आणि मिळकती पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये, वर तो वेबवर दाखवणारा जिओसर्व्हर. सर्व्हे करून आलेले नवे रस्ते टेबलात टाकले. आता नकाशावर एका झूमला नवा रस्ता दिसतो, पुढच्या झूमला जुनाच. हद्दवाढीतली एक नवी वसाहत तर लांबून दिसते आणि जवळ गेलं की नाहीशी होते. साहेब म्हणतात डेटा चुकला. मी टेबल पुन्हा पुन्हा तपासलं, बरोबर आहे.
— नाव न छापण्याच्या अटीवर

टेबल बरोबरच असणार. तुमच्या पत्रातली दोन लक्षणं वेगवेगळ्या दोन कारणांची आहेत, दोन्ही नीट बघू.

टेबलापासून वाचकाच्या पडद्यापर्यंत माहिती टप्प्याटप्प्याने जाते: टेबल, त्यावरचा व्ह्यू (टेबलातून निवडून दाखवलेली माहिती), जिओसर्व्हरचा लेअर, टाइलची कॅश (नकाशाच्या तयार तुकड्यांचा साठा), शेवटी ब्राउझर. साठवण यातल्या कुठल्याही टप्प्यावर असू शकते. म्हणून मुळापासून सुरुवात करायची आणि एकेक टप्पा पाहत जायचं. व्ह्यू साधा असेल तर टेबलाबरोबर बदलतो. मटेरिअलाइज्ड, म्हणजे निकाल साठवून ठेवणारा, व्ह्यू असेल तर तो रिफ्रेश केल्याशिवाय बदलत नाही, हे आधी तपासा. मग जिओसर्व्हरच्या लेअर प्रिव्ह्यूमध्ये तोच भाग उघडा. तिथे सहसा कॅश आड येत नाही. प्रिव्ह्यूत नवा रस्ता सगळ्या झूमला दिसला, तर टेबल आणि लेअर दोन्ही सुटले. साहेबांना तो प्रिव्ह्यू समोर बसवून दाखवा.

आता कॅश. नकाशा पटापट उघडावा म्हणून त्याचे २५६ बाय २५६ पिक्सेलचे चौकोनी तुकडे चित्ररूपात करून साठवून ठेवतात, त्या टाइल. एकेक झूम आत गेलं की एका टाइलच्या चार होतात. सोलापूरच्या अक्षांशावर १८व्या झूमची एक टाइल जमिनीवरची जेमतेम १४६ मीटर बाजू व्यापते. आपल्या महानगरपालिकेचं क्षेत्र साधारण १७८ चौरस किलोमीटर धरलं, तर १४व्या झूमला तीस-पस्तीस टाइलमध्ये शहर बसतं आणि १८व्याला आठ हजारांच्या वर जातं. या सगळ्या टाइल एकाच दिवशी तयार झालेल्या नसतात. कुणी उघडून पाहिली तेव्हा ती तयार झाली. तुमच्या गावातही ज्या झूमच्या टाइल सर्व्हेआधी झाल्या त्यांच्यावर जुना रस्ता आहे, ज्या नंतर झाल्या त्यांच्यावर नवा.

जिओसर्व्हरमधूनच, म्हणजे डब्ल्यूएफएस या त्याच्या डेटा बदलायच्या सेवेच्या मार्गाने, दुरुस्ती केली तर त्या भागाच्या टाइल तो स्वतः काढून टाकतो. तुम्ही थेट डेटाबेसमध्ये लिहिलंत, त्याची जिओसर्व्हरला खबरच नाही. तेव्हा जिओसर्व्हरमधल्या जिओवेबकॅश या टाइल साठवणाऱ्या भागाच्या पानावर जाऊन त्या लेअरला ट्रंकेट द्या. सगळ्या गावाच्या टाइल पुसायची गरज नाही. जिथे सर्व्हे झाला त्या भागाच्या चार कडा आणि झूमची मर्यादा भरता येते. पुसलेल्या जागी पहिला माणूस येईल तेव्हा टाइल नव्याने तयार होईल. रोज दुरुस्त्या होत असतील तर बदललेल्या रस्त्यांची चौकट एका वेगळ्या टेबलात ट्रिगरने (बदल होताच डेटाबेसमध्ये आपोआप चालणाऱ्या आज्ञेने) टिपून ठेवा आणि रात्री तेवढ्याच चौकटी ट्रंकेट करणारी स्क्रिप्ट लावा.

वसाहतीचं कारण वेगळं आहे, आणि ते लवकर लक्षात येत नाही. लेअर प्रकाशित केला त्या दिवशीची व्याप्ती, म्हणजे बाउंडिंग बॉक्स, जिओसर्व्हरने लिहून ठेवलेली असते. हद्द वाढली, डेटा त्या चौकटीबाहेर गेला, पण चौकट जुनीच राहिली. कॅश चौकटीबाहेरच्या टाइल देत नाही. लांबच्या झूमला एक टाइल इतकी मोठी असते की चौकटीला शिवता शिवता ती वसाहतही तिच्यात येते, म्हणून तिथे दिसते. जवळ गेलात की वसाहतीच्या टाइल पूर्ण बाहेर पडतात. लेअरच्या पानावर "कंप्यूट फ्रॉम डेटा" आणि त्याखालचं दुसरं बटण दाबून सेव्ह करा, मग ट्रंकेट. टेबलात नवा कॉलम घातला असेल तर त्याच पानावर फीचर टाइप रीलोड करायलाही विसरू नका, नाहीतर तो कॉलम जिओसर्व्हरला दिसत नाही.

हद्दवाढ झालेल्या गावांमध्ये याकडे जास्त लक्ष द्यायला हवं, असं मला फार वाटतं. नव्या वसाहतीतल्या माणसाला रस्ता, दिवा, गटार यासाठी आधीच हेलपाटे घालावे लागतात. त्यात नकाशावरही तो नसेल तर त्याच्या अर्जाला "तुमचा भाग दिसत नाही" असं उत्तर मिळतं. एका कार्यालयात हे उत्तर मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

शेपफाइल बदलून चढवली की मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.
— एक विद्यार्थिनी, केगाव

शेपफाइल ही एक फाइल नसून नकाशाची माहिती ठेवणाऱ्या फाइलींचा संच असतो. त्यातली सीपीजी नावाची छोटी फाइल अक्षरं यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत आहेत हे सांगते. तुमच्याकडून ती चढवायची राहिली असणार. पण माझं म्हणणं, शेपफाइलच सोडा. तिच्यात कॉलमच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट खातं, म्हणजे तीन अक्षरांत नाव संपलं. जिओपॅकेज वापरा. सगळं एका फाइलमध्ये, आणि मराठी व्यवस्थित राहतं.

शाळेच्या प्रकल्पात मुलांनी अक्कलकोट तालुक्यातल्या विहिरींची नोंद केली. शीट दुरुस्त करून नकाशा पुन्हा काढला तर सगळ्या विहिरी उत्तर ध्रुवाजवळ समुद्रात!
— एक शिक्षक, अक्कलकोट

रेखांश आणि अक्षांशाची अदलाबदल झाली आहे. सोलापूर साधारण १७.६६ उत्तर, ७५.९ पूर्व. आकडे उलटे पडले की ठिकाण नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांच्या दक्षिणेला आर्क्टिकच्या पाण्यात जातं. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, जिओजेसन या नकाशाच्या फाइलींच्या स्वरूपात रेखांश आधी लागतो. शीटमध्ये एक तपासणी घालून ठेवा: अक्षांश १७ ते १९ आणि रेखांश ७४ ते ७७ यांच्या बाहेर असेल तर रकाना लाल व्हावा. आपला जिल्हा त्यात आरामात बसतो. मुलांना हे दाखवा, त्यांना आवडेल.

आमच्या संस्थेच्या नकाशात सोलापूर आणि शेजारचे जिल्हे रंगवलेले आहेत. आकडेवारी दर तिमाहीला शासकीय तक्त्यातून येते. नाव बदलल्यापासून धाराशिव पांढरा पडला आहे. तक्त्यात आकडे आहेत, नकाशात नाहीत.
— एक वाचक, बार्शी

तुमचा नकाशा नावावरून जोडलेला आहे. हद्दींच्या फाइलमध्ये "उस्मानाबाद" आहे, तक्त्यात २०२३ नंतर "धाराशिव" आलं. संगणकाच्या दृष्टीने ते दोन वेगळे जिल्हे. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं तिथेही हीच गत होईल, आणि नकाशा सीमेपलीकडे नेलात तर विजापूर-विजयपुरा, गुलबर्गा-कलबुर्गी आहेतच. जिल्ह्यांची नावं निदान घोषणा होऊन बदलतात. तालुक्यांची नावं टाइप करणाऱ्याच्या बोटागणिक बदलतात: पंढरपूर-पंढरपुर, मंगळवेढा-मंगळवेढे, आणि "मोहोळ" पुढे न दिसणारी एक मोकळी जागा.

जोड कोडवरून करा. २०११च्या जनगणनेत उस्मानाबादचा कोड ५२५, सोलापूरचा ५२६. नाव बदललं तरी ५२५ तोच राहतो. नाव हा फक्त दाखवायचा कॉलम ठेवा. एवढं मात्र ध्यानात असू द्या की जिल्हा फुटला तर जुना कोड पुरत नाही. पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला, त्याला २०११चा कोडच नाही. अशा वेळी हद्दींची फाइलही नवी लागते आणि जुन्या वर्षांचे आकडे नव्या हद्दीवर चढवायचे नसतात. आणखी एक: तक्ता आला की जोड लागलेल्या आणि न लागलेल्या जिल्ह्यांची यादी आधी काढा, न लागलेलं एकही नाव असेल तर नकाशा प्रकाशित करू नका. पांढरा जिल्हा बघणाऱ्याला वाटतं, तिथे काही घडतच नाही.

मी साखर कारखान्याच्या शेतकी विभागात आहे. ऊस नोंदीचे प्लॉट नकाशावर आहेत, रोज रात्री नोंदीच्या सिस्टिममधून आपोआप भर पडते. नवे प्लॉट येतात. पण तोड झालेले, नोंद रद्द झालेले तसेच राहतात. चिटबॉय (शेतावर फिरणारा कारखान्याचा कर्मचारी) तोडलेल्या शेतात जाऊन परत येतो.
— एक वाचक, माळशिरस तालुका

रात्रीचं काम फक्त "नवं घाल, बदललेलं सुधार" एवढंच करतं आहे. मूळ टेबलातून गेलेली ओळ कुणालाच दिसत नाही, कारण ती आता नाहीच. मग नकाशावरून ती काढणार कोण? नकाशे शिळे होतात ते बहुतेक असेच. भर घालण्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, काढून टाकण्याकडे कुणाचं नसतं.

माझी पसंती अशी: मूळ सिस्टिममध्ये ओळ पुसूच नका. स्थितीचा एक कॉलम ठेवा. उभा, तोड सुरू, तोड पूर्ण, नोंद रद्द. नकाशात फक्त पहिल्या दोन स्थितींचे प्लॉट दाखवा. त्यामुळे हंगाम संपल्यावर कुठल्या शेताची तोड कधी झाली हेही हाताशी राहतं आणि शेतकऱ्याने विचारलं तर दाखवता येतं.

सिस्टिममध्ये हात घालता येत नसेल तर रोज रात्री पूर्ण यादी नव्या टेबलात उतरवा, तपासा, आणि एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळं होईल नाहीतर काहीच नाही अशा एका झटक्यात, जुन्या-नव्या टेबलांची नावं बदला. बघणाऱ्याला मधली अर्धवट अवस्था दिसत नाही. तपासणी मात्र टाळू नका. नेटवर्क तुटून फाइल अर्धीच आली तर सकाळी अर्धा जिल्हा रिकामा दिसेल. कालच्यापेक्षा आजच्या ओळी फारच कमी असतील तर अदलाबदल थांबवून तुम्हाला मेसेज जाईल असं ठेवा. ऐन गाळपात एका दिवसाची तोड किती असते हे तुम्हाला चांगलं माहीत आहे, मर्यादा त्यावरून ठरवा.

प्लॉटची ओळख कशी ठेवली आहे तेही पाहा. नुसता गट नंबर पुरत नाही, एका गटात दोन भावांचे दोन प्लॉट असतात. आणि तोडलेलं शेत पुढे खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेलं पीक) म्हणून पुन्हा नोंदीला येतं. जमीन तीच, नोंद नवी. प्लॉटच्या ओळखीच्या कोडमध्ये हंगाम नसेल तर खोडव्याची नोंद मागच्या वर्षीच्या "तोड पूर्ण"वर जाऊन बसते आणि उभा ऊस नकाशावरून गायब होतो. तसं झालं तर शेतकऱ्याचा ऊस तोडीच्या प्रोग्रॅममधून मागे पडतो. म्हणून हे आधी दुरुस्त करा, बाकीचं नंतर.

हे रात्रीचं काम ज्या संगणकावर चालतं त्याचा स्विच संध्याकाळी कुणी बंद करत नाही ना, तेही विचारून घ्या.

वारीच्या काळात पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं आणि औषधोपचार केंद्रं दाखवणारा नकाशा आम्ही स्वयंसेवक करतो. पालखी पुढे सरकते तशी ठिकाणं बदलतात. दिवसातून किती वेळा अद्ययावत करावा?
— एक वाचक, पंढरपूर

"किती वेळा" हे घड्याळावर ठरवू नका, गोष्टीवर ठरवा. पालखी मार्ग आणि मुक्कामाची गावं आधी जाहीर होतात. माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी अशी येते. तो लेअर एकदा नीट तपासून बंद करा. औषधोपचार केंद्र मुक्कामाबरोबर हलतं, त्याची नोंद तळ हलला की करायची. टँकर मात्र तासातासाला हलतो. त्यासाठी प्रत्येक टँकरबरोबर असलेल्या स्वयंसेवकाला मोबाइलवर एक साधा फॉर्म द्या: कोणता टँकर, पाणी आहे की संपलं, आणि जागा फोननेच घ्यावी. हाताने टाइप करायला काही ठेवू नका, गर्दीत कुणी टाइप करत नाही.

प्रत्येक ठिपक्यावर "शेवटची नोंद" म्हणून वेळ छापा. संपूर्ण नकाशाची एकच वेळ लिहिली तर एक टँकर नोंदवला की सगळेच ताजे वाटतात. दोन तासांत नोंद नसेल तर ठिपका राखाडी व्हावा, चार तासांनी निघून जावा. उन्हात चालून आलेली म्हातारी माणसं त्या ठिपक्याकडे वळतात. तिथे टँकर नसेल तर त्यांना उलटं चालावं लागतं. खात्री नसलेला टँकर नकाशावर ठेवू नका.

वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात तेव्हा फोनचं नेटवर्क कोलमडतं, हे तुम्ही अनुभवलंच असेल. त्या दिवशी फॉर्म ऑफलाइन भरून नंतर पाठवता येईल असाच निवडा. त्यात नोंदीची वेळ आणि सर्व्हरवर पोहोचल्याची वेळ असे दोन वेगळे कॉलम हवेत. नकाशावर पहिली छापायची. नाहीतर दुपारी एकची नोंद पाच वाजता पोहोचून ताजी म्हणून झळकेल. केंद्रावर लावायला छापील प्रतही काढा, तिच्यावर ठळक अक्षरांत काढल्याची वेळ घाला आणि नवी लावताना जुनी फाडून टाकायची जबाबदारी एका माणसाकडे द्या.

पौर्णिमेचा गोपाळकाला झाला, पालख्या परतीला लागल्या, की टँकरांचा लेअर बंद करून त्या पानावर "या वर्षीची सेवा संपली" एवढं लिहा. पत्ता तोच राहू द्या. लोकांनी तो पुढे पाठवलेला असतो आणि पुढच्या आषाढीला ते त्याच पत्त्यावर येतात.